उघडून पुन्हा लावलेली कुलपे

हातात कला आहे, पण ती कशासाठी आहे हे ज्याने स्वतःला कधी विचारले नाही, असा माणूस मला मूर्खाहून असह्य होतो. मूर्खाला निदान माफ करता येते. आमचे आप्पा मूर्ख नव्हते. बीडच्या पेठेत त्यांचे किराण्याचे दुकान होते आणि दुकानावरच्या माडीत मी तीन वर्षे भाड्याने राहिलो. त्या तीन वर्षांत वर्तमानपत्राचा कागद त्यांनी पुडी बांधण्याखेरीज कशासाठी हाती धरलेला मी पाहिला नाही. सभेला ते कधी गेले नाहीत. संस्थानात काय चालले आहे, कुणाला पकडले, कुणाला सोडले, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. त्यांना एकच नाद होता. किल्लीशिवाय कुलूप उघडायचे, आणि उघडले की लगेच पुन्हा लावून टाकायचे.

पुन्हा लावून टाकायचे, हे मी मुद्दाम सांगतो. चोर कुलूप उघडतो तेव्हा त्याचा काही हेतू असतो. वाईट असेल, पण असतो. लोहार उघडतो त्याला मजुरी हवी असते. आप्पांना पलीकडचे काहीच नको होते. कडी सुटली की त्यांचे काम संपले. दाराच्या आत सोने आहे की शेणी आहेत, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते.

ठेंगणी, गोल अंगलट. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग, आणि दुसरा एखादा विडी खोवतो तशा उजव्या कानावर खोवलेल्या दोन बारीक लोखंडी काड्या. गादीमागच्या भिंतीवर खिळ्यांना ओळीने कुलपे टांगलेली असत. अलीगढची पितळी कुलपे, बाजारात भंगारात सापडलेली गंजकी कुलपे, आणि कुठल्याशा गढीच्या दरवाजाचे, पपईएवढे एक काळे धूड. गिऱ्हाईक येऊन म्हणे, "आप्पा, पावशेर गूळ द्या." आप्पा कुलूप कानाशी धरून डोळे मिटून बसलेले. डाव्या हाताने खूण करत, "थांब. बोलतंय."

मग आतून आक्का येत. आक्का म्हणजे त्यांची बायको, आणि खरे पाहता दुकानाची मालकीण.

"कुलूप बोलतंय म्हनं!" गूळ तोलता तोलता त्या गिऱ्हाइकाला सांगत. "मी बोलते तवा कुटं जातेत ह्यांचे कान? ह्यांचं लगीन अलीगडला लावायचं सोडून माझ्या बापानं मला कावून दिलं, कुनास ठाऊक."

"तू बोलतीस ते पेठेला ऐकू जातं," आप्पा डोळे न उघडता म्हणत. "ह्ये बारीक बोलतंय. कान द्यावा लागतो."

कुणाच्या घरी गेले की आप्पांची नजर आधी दाराच्या कडीकोयंड्यावर जाई, मग माणसावर. कुणी मेले म्हणून भेटायला गेले, तरी तेच. एकदा एका शोकाच्या घरातून बाहेर पडताना मला हळूच म्हणाले, "बिचारा लई साध्या कुलपावर जगला."

त्यांची एक गोष्ट बीडमध्ये लोक हसून हसून सांगत. पाली गावाकडच्या एका जमीनदाराच्या पेटीची किल्ली विहिरीत पडली. पेटीत जमिनीचे कागद, दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख. जमीनदाराने घोडा पाठवला. आप्पा गेले, पेटीपुढे मांडी घालून बसले, दोन तास कुणाशी बोलले नाहीत. शेवटी खट्‌ असा आवाज झाला. आप्पांनी झाकण दोन बोटे वर उचलले, समाधानाने मान हलवली, आणि झाकण धाडकन खाली दाबले. पेटी पुन्हा बंद.

"अहो आप्पा, कागद काढायचे व्हते की!" जमीनदार ओरडला.

"मंग तसं सांगायचं न्हाई का? तुमी म्हनलात उघडा. उघडली."

आणि पुन्हा दोन तास बसले. लोक ही गोष्ट आप्पांच्या भोळेपणाची म्हणून सांगत. मला तिच्यात भोळेपणा कधी दिसला नाही. दुसऱ्याच्या गरजेकडे पाठ करून बसायची ती सवय होती, आणि तिची किंमत पुढे एका माणसाने मोजली.

पण मीही त्या नादाला लागलो होतो, हे लपवणार नाही. बीडला आलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि एका खाजगी मराठी शाळेत शिकवत होतो. उन्हाळ्यातल्या एका दुपारी पाणी मागायला खाली उतरलो, तर आप्पा एक कुलूप करवतीने उभे कापून आतला कारभार बघत बसले होते. मी वाकून पाहिले. आत पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या होत्या, प्रत्येकीला इवलीशी स्प्रिंग.

"ह्ये खटके," आप्पा म्हणाले. "किल्ली फिरली की येकेक खटका आपापल्या उंचीला जातो. समदे आपल्या जागी गेले की हा आडवा दांडा, आडना, सरकतो आन कडी सुटती. किल्लीला हे येकदम जमतं. आपल्याला येकेकाची मनधरनी करावी लागती."

"मला शिकवाल?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "आदी बाजारातून सोताचं कुलूप आन. येका खटक्याचं. दुसऱ्याच्या कुलपावर शिकायचं न्हाई. आन जे कुलूप दाराला हाय, पेटीला हाय, ज्याच्या भरवशावर कुनी झोपलंय, त्याला कदीच हात लावायचा न्हाई. ते कामावर हाय. कामावरच्या गड्याची मस्करी करत्यात का?"

काड्या कशाच्या, तर मोडक्या छत्रीच्या. छत्रीची काडी तापवायची, दगडावर ठोकून चपटी करायची, मग कानशीने घासायची. दोन काड्या लागत. एक टोकाला वाकवलेली. तिने आडण्यावर ताण द्यायचा. दुसरी बारीक, टोक किंचित वर आलेली. तिने खटके उचलायचे. माझ्या काड्या मी घासल्या, त्या आप्पांनी उकिरड्यावर फेकल्या आणि स्वतः घासलेली जोडी माझ्या हातावर ठेवली. पण ती वापरू दिली नाही. आठ दिवस त्यांनी मला नुसती किल्ली फिरवायला लावली, अगदी सावकाश, डोळे मिटून. नवव्या दिवशी काडी हातात दिली.

ताण देऊन खटका उचलत नेला की एका ठिकाणी तो जागेवर बसतो. तेव्हा बोटाला जे कळते ते फार थोडे असते. ज्वारीच्या दाण्यावर नख टेकावे, तेवढेच. ते कळायला मला आणखी एक आठवडा लागला, कारण माझा ताण नेहमी जास्त.

"कमी कर," आप्पा म्हणत. "कुलूप हाय, म्हैस न्हाई. वढून येनार न्हाई ते."

तिसऱ्या आठवड्यात मी दोन खटक्यांचे कुलूप उघडले. कडी सुटली त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. ते खोटे कशाला सांगू? आप्पांनी डब्यातून गुळाचा खडा काढून माझ्या तळव्यावर ठेवला. मग म्हणाले, "लाव आता."

मी लावले. विचारले, "पुढे?"

"पुढं तीन खटक्याचं."

"त्याच्या पुढे?"

"चार."

"आणि शेवटी काय?"

"शेवट कशाला पायजे बे?"

त्या 'बे'ने माझे डोके फिरले. मी गुळाचा खडा तसाच हातात धरून भाषण केले. त्या काळी मी भाषण केल्याशिवाय गुळाचा खडासुद्धा खात नसे. संस्थानाच्या सीमेपलीकडच्या नगरहून चोरून येणारी पत्रके मला तोंडपाठ होती, ती सगळी मी आप्पांवर रिती केली. सगळ्या मुलखाच्या तोंडाला कुलूप आहे, आपली भाषा कचेरीत चालत नाही, इजाजतीशिवाय चार माणसांनी एकत्र बसायची सोय नाही, आणि तुम्ही ही बोटे भंगारावर झिजवता! आप्पांनी शांतपणे ऐकले.

"बरं," ते म्हणाले. "तुपल्या त्या मुलखाचं कुलूप घिऊन ये. बघू किती खटक्याचं हाय."

आक्का आतून खो खो हसल्या. मी दुसऱ्या दिवसापासून शिकायला गेलो नाही. काड्यांची जोडी मात्र परत केली नाही.

त्याच सुमारास आम्ही दहा-बारा जणांनी एका बोळात वाचनालय चालवले होते. एकच खोली, एक गजांची खिडकी, आणि इजाजत अर्थातच नाही. मासिके उघड्यावर, पत्रके एका ट्रंकेत. मी तिथला व्यवस्थापक होतो आणि मी एक नियम केला होता. पत्रक नेणाऱ्याने वहीत सही करायची. पूर्ण नाव, हुद्दा आणि पत्रकाचे नाव. लपून वाचणाऱ्यांकडून मुलखाचे काही होणार नाही, असे माझे मत होते. ते मी सगळ्यांना ऐकवत असे. मी स्वतः पत्रके तिथेच बसून वाचायचो, त्यामुळे माझी सही वहीत नव्हती.

सरकारी शाळेत एक मास्तर होते. बारीक, खोकणारे, थंडीतही छत्री घेऊन फिरणारे. घरी बायको, तीन मुली आणि आंधळी आई. वाचनाची त्यांना भयंकर भूक. पहिल्यांदा आले तेव्हा पत्रक हातात घेऊन म्हणाले, "सही नाही केली तर चालेल का हो? नोकरी सरकारची आहे."

"सही करायला भिणाऱ्याने वाचू नये," मी म्हणालो. चार लोकांसमोर म्हणालो.

मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी टाक उचलला आणि आपल्या देखण्या बाळबोध अक्षरात पूर्ण नाव लिहिले, पुढे हुद्दाही लिहिला. त्यानंतर ते अकरा पत्रके घेऊन गेले आणि अकरा वेळा तशीच सही केली. मला ते तेव्हा धैर्याचे शिक्षण वाटले होते.

एका गुरुवारी दुपारी चौकीचे अंमलदार, पोलिसांचे अमीन, चार जवान घेऊन आले. वाचनालयात तेव्हा कुणी नव्हते. अमिनांनी दाराला आपले सरकारी कुलूप लावले आणि समोर एक जवान बसवला. आतल्या चीजवस्तूंचा पंचनामा तहसिलीच्या कारकुनासमोर व्हायचा होता. शुक्रवारी कचेऱ्या बंद, तेव्हा शनिवारी सकाळी.

मास्तर दिवे लागायच्या आत माझ्या माडीवर आले. बसले नाहीत. छत्री दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "ती वही आतच आहे का हो?"

मी होकाराची मान हलवली.

"अकरा ठिकाणी आहे," ते म्हणाले. एवढेच बोलून उतरून गेले. माझा नियम त्यांनी मला ऐकवला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरे झाले असते.

आता करायचे काय? कुलूप फोडले असते, तर जागेच्या मालकापासून सगळ्यांना धरून नेले असते. वही निघाली आणि कुलूप जसेच्या तसे दिसले, तरच सगळे वाचणार होते. एक वाट वरून होती. आमच्या खोलीच्या माळवदाला उजेडासाठी सवणे, माणूस मावेल एवढे भोक, ठेवलेले होते आणि शेजारचे घर आमच्याच एका मित्राचे होते. त्याच्या माळवदावरून सवण्यातून आत उतरता आले असते. पण तो घराला कुलूप लावून धर्मापुरीला गेलेला, सोमवारी परतायचा होता, आणि त्याचे दार फोडले असते तर समोरच बसलेल्या जवानाला दिसले असते. सोमवार फार लांब होता. मी खाली आप्पांकडे गेलो.

"आप्पा, एक कुलूप उघडायचं आहे."

त्यांचा चेहरा दिवाळीसारखा झाला. "कुठंय? आन."

"आणता येत नाही. दाराला आहे. अमिनांनी लावलेलं."

चेहरा विझला. "मंग ते कामावर हाय."

"ऐकून तरी घ्या. आत काय आहे ते..."

आप्पांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. अक्षरशः ठेवले, लहान मूल ठेवते तसे. "आत काय हाय ते मला सांगू नको. येकदा कळलं की हात आतल्या मालाकडं बघतो, खटक्याकडं बघत न्हाई. आजवर मी कुनाच्या दाराआडचं ऐकलेलं न्हाई."

"एका माणसाचा संसार..."

"मला ऐकू येत न्हाई."

"येतंय तुम्हाला!"

"न्हाई म्हनलं ना."

मी मोठ्याने बोललो. त्यांच्या झाकलेल्या कानांतून जाईल इतक्या मोठ्याने. "भिंतीवर एक खिळा रिकामा आहे, आप्पा. त्याला तुम्हीच लटका. माणसांत तुमचं काही काम नाही."

आप्पांनी कानांवरचे हात काढले नाहीत. फक्त म्हणाले, "ताण कमी कर."

शुक्रवारी भर दुपारी समोरचा जवान जेवायला घरी गेला. बोळात ऊन आणि माशा, दुसरे कुणी नाही. मी आप्पांची काड्यांची जोडी घेऊन दारापुढे गुडघ्यांवर बसलो. एवढे ऐकले, एवढे बोललो, आणि शेवटी माझ्या हातात त्या काड्याच होत्या. वाकडी काडी लावली, डोळे मिटले. पहिला खटका बसला. ज्वारीच्या दाण्यावर नख. थोड्या वेळाने दुसरा बसला. इतका स्वच्छ, की आप्पा शेजारी असते तर त्यांनाही ऐकू गेला असता. मग कळले, तिसरा आहे. तीन खटक्यांचे कुलूप मी कधी हाताळले नव्हते. बोळाच्या तोंडाशी कुणीतरी खाकरले. मी ताण वाढवला. काडी मोडली.

नखाएवढा तुकडा आत राहिला. मी पळालो.

शनिवारी सकाळी अमिनांची किल्ली आत जाईना. बघ्यांची गर्दी जमली. मी गर्दीत होतो. बोळाच्या कोपऱ्यावर भिंतीला टेकून मास्तर उभे होते. अमिनांनी किल्ली पुसून पाहिली, फुंकून पाहिली, मग कारकुनावर डाफरले, "तोडूं तो तहसील कू लिखना पडता. सरकारी ताला है. हुकूम आते तक हफ्ता जाता!"

हफ्ता! मी मास्तरांकडे पाहिले. त्यांनाही ते ऐकू गेले होते. मित्र परतणार तो सोमवार हातात आला होता. माझ्या मोडक्या काडीने, माझ्या चुकीने, आम्हाला हवे होते तेच दिले होते.

"ठैरो," अमीन म्हणाले. "वो किरानेवाले आप्पा कू बुलाव."

आप्पा आले ते धावत आले. एका पायात वहाण, दुसरा अनवाणी. कामावरच्या कुलपाला हात न लावणारा हा माणूस अमिनाच्या एका निरोपावर कसा आला, असे कुणीतरी विचारलेच. आप्पा म्हणाले, "सोताच्या किल्लीला उघडंना म्हंजे कुलूप आजारी हाय. आन मालकानं बोलावलंय." झाले! त्यांचा नियम मोडला नव्हता. नियमाला अशी दारे नेहमी असतात.

ते मांडी घालून बसले. मी मनात एकच घोकत होतो. म्हणा, आप्पा, दोन शब्द म्हणा, 'उघडत न्हाई'. तुम्हाला कुणी खोटे म्हणणार नाही. पेठेत तुमच्या शब्दाच्या वर कुलपांच्या बाबतीत कुणाचा शब्द नाही. पाऊण तास गेला. आप्पांनी चिमट्याने तुकडा ओढून काढला, तळव्यावर ठेवला आणि एकदम उजळून गर्दीकडे वळले.

"दोन बसवले व्हते!" ते ओरडले. "दोन! तिसऱ्याला ताण दिला येड्यानं. पर दोन बसवले व्हते पठ्ठ्यानं!"

इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर दुसऱ्या कशाने पाहिला नाही. त्यांनी अमिनांच्या हातातून किल्ली घेतली, फिरवली. कडी सुटली. जवान आत गेले. ट्रंक बाहेर आली, ट्रंकेवर वही. आप्पा तेव्हा कुलपाच्या भोकात डोळा घालून बसले होते. कारकून वही चाळू लागला, एका पानावर थांबला, आणि अमिनांना बोट ठेवून दाखवले. मी कोपऱ्याकडे पाहिले. मास्तर निघून गेले होते.

अमिनांनी आप्पांच्या तळव्यावरचा तुकडा उचलला. "ये किसका काम है?"

"काडी माझ्या हातची हाय," आप्पा म्हणाले. "ही माझी कानस हाय, मी वळखतो."

"मतलब तूच खोल रहा था!"

आप्पा दुखावले. "माझी काडी माझ्या हातात मोडत न्हाई, साहेब."

"फिर किसकू दिया था?"

आप्पा कुलपाचे भोक फुंकू लागले.

"बोल! किसकू सिकाया?"

"शिकवलेल्याचं नाव सांगायचं नसतंय."

अमिनांनी त्यांना थोबाडीत मारली. कपाळावरचे भस्म कानापर्यंत फरफटले. मी त्यांच्यापासून पाच हातांवर होतो आणि बोललो नाही. धैर्यावरची निदान वीस पत्रके मला पाठ होती. आप्पांना धरून नेले. आक्का दुकान उघडे टाकून मागे पळत गेल्या.

रविवारी सकाळी मी चौकीत गेलो. उशीर झाला होता, पण गेलो. अमिनांसमोर उभा राहिलो आणि रात्रभर जुळवलेले भाषण विसरून एवढेच म्हणालो, "ती काडी मी मोडली. आप्पांना सोडा."

शेजारीच हवालात होती. गजांमागे आप्पा मांडी घालून बसले होते. मला पाहून म्हणाले, "आलास का? हे बघ, येकाच खटक्याचं लावलंय मला." त्यांना कैदेचे नव्हे, त्या कुलपाचे वाईट वाटत होते.

"आप्पा, ये बोलता मैने तोडा," अमीन म्हणाले. "सच है?"

आप्पांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी पावशेर गुळाचे गिऱ्हाईक होतो. "ह्यो?" ते हसले. "साहेब, ज्यानं तोडली त्यानं दोन खटके बसवले व्हते. मी समद्या गर्दीत सांगितलं न्हाई का? ह्याला पयला खटका सापडत न्हाई. तीन आठवडे डोकं खाल्लं माजं. ह्याच्या हाताला कानच न्हाईत. ह्ये भाषन करतं नुसतं."

अमिनांना मजा वाटली. वाचनालयाचे ते कुलूप टेबलावरच होते, आप्पांच्या काड्याही होत्या. त्यांनी दोन्ही माझ्यापुढे सरकवले. "खोल के बताव."

मी खरोखर प्रयत्न केला. जीव ओतून केला. पण बोटांना घाम फुटला होता, जवान मागे उभे राहून हसत होते, आणि काडी नुसती पितळेवर खरखरत राहिली. पहिला खटका सापडला नाही.

"ताण बघा त्याचा," गजांमागून आप्पा म्हणाले. "म्हैस वढतोय."

सगळी चौकी हसली. "जाव मियां," अमीन डोळे पुसत म्हणाले, "किताबां पढो. बुड्ढे के वास्ते झूट नक्को बोलो." एका जवानाने मला दंडाला धरून रस्त्यावर सोडले. मी कबुली द्यायला गेलो होतो आणि हसे होऊन बाहेर पडलो.

लोक म्हणतात, आप्पांनी तुला वाचवले. वाचवले. मला पहिला खटका सापडत नाही, हे खोटे होते. दोन खटक्यांचे कुलूप त्यांच्यासमोर उघडून मी गूळ घेतला होता, आणि त्या दारावर दोन कुणी बसवले हे त्यांना तुकडा बघताच कळले होते. कुलपाबद्दल ते खोटे बोलल्याचे मी तेवढे एकदाच पाहिले. म्हणजे त्यांना खोटे बोलता येत होते! मग आदल्या दिवशी दाराशी का नाही बोलले? 'उघडत न्हाई', एवढे दोन शब्द. ज्याने मागितले नव्हते, ज्याची लायकी नव्हती, अशा माझ्यावर त्यांनी ते खोटे खर्च केले, आणि ज्याचा संसार त्या दारामागे होता त्याला दोन शब्द दिले नाहीत. हा हिशेब मी अनेक वेळा करून पाहिला. माझा राग त्यात कमी होत नाही. मास्तरांना वहीवर सही करायला कुणी लावले, हेही मी त्यात धरतो. तरी होत नाही.

मास्तरांना बुधवारी शाळेतून काढले. गुरुवारी सकाळी त्यांची बैलगाडी आमच्या दुकानासमोरून गेली. पुढे आंधळी आई, मागे मुली, गाठोड्यांवर छत्री. सासुरवाडीला चालले होते. मी माडीच्या खिडकीत होतो. त्यांनी वर पाहिले नाही.

त्याच दुपारी आप्पांना सोडले. तहसिलीतल्या कुठल्याशा कपाटाची किल्ली हरवली होती म्हणे. ते थेट दुकानात आले, भस्म लावले, गादीवर बसले आणि भिंतीवरून तीन खटक्यांचे एक कुलूप काढून मला हाक मारली.

"खाली ये बे! बस असा. तिसऱ्याला तू काय केलंस ते दाखव मला. दोन बसल्यावर ताण सोडायचा असतो, ते सांगायचं ऱ्हाऊन गेलतं."

मी जिन्यावरच उभा राहिलो. "मास्तर गेले, आप्पा."

आप्पांनी कुलपावरून नजर उचलली.

"कोन मास्तर?"

हे विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर खोटे तिळभरही नव्हते.